कलाव्यवस्थापन शिकायचंय, तेही लोकप्रशासनातून: नाशिकच्या पदवीधरांसाठी पहिली पावलं

नाशिकमध्ये नाटकाचा प्रयोग लावायचा तर निदान तीन वेगवेगळी दारं ठोठावता येतात. शालिमारजवळचं महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचं आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे १८४० साली स्थापन झालेल्या संस्थेचं. गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक कुसुमाग्रज प्रतिष्ठान चालवतं. प्रेक्षकाला तिन्हीकडे खुर्चीच मिळते. पण भाडं कोण ठरवतं, एसी बिघडला तर पैसे कुठून येतात आणि एखाद्या संस्थेला तारीख नाकारली तर तिने दाद कुणाकडे मागायची, या प्रश्नांची उत्तरं तिन्ही ठिकाणी निराळी आहेत. ही उत्तरं शोधणं, तपासणं आणि गरज असेल तिथे ती बदलण्याचा रस्ता आखणं, म्हणजे लोकप्रशासनाच्या अंगाने केलेलं कलाव्यवस्थापन.

पदव्युत्तर शिक्षणासाठी या विषयाकडे वळणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये एक कार्यक्रम पार पाडायला शिकवतात. एमबीएमध्ये नफ्याचं गणित असतं. नाट्यशास्त्र किंवा ललितकलेच्या पदव्युत्तर वर्गात कला शिकवतात. लोकप्रशासनातला प्रश्न वेगळा आहे: जनतेचा पैसा कलेवर कुणी, कोणत्या अधिकाराने, किती आणि कुणासाठी खर्च करायचा, आणि त्याचा जाब कुणी द्यायचा? हा प्रश्न तुम्हाला कंटाळवाणा वाटत असेल तर हा अभ्यासक्रम घेऊ नका. दोन वर्षं त्याच्याशीच गाठ आहे.

आधी कायद्याची चौकट

प्रवेशाच्या मुलाखतीआधी चार गोष्टी पाठ हव्यात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद ३३ नाट्यगृहं आणि नाट्यप्रयोगांची आहे, म्हणजे हा विषय मुळात राज्याचा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतली १३ वी नोंद ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना’ अशी आहे. शहराच्या पातळीवर कलेचा धागा तिथून सुरू होतो. तिसरी गोष्ट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली: कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती पहिल्या यादीत येतात. पालिकेने स्वतःहून हाती घ्यायची सांस्कृतिक कामं मुख्यतः दुसरीत. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी कुठे लागते, हे या दोन कलमांवरून कळतं. कुणी कलेचं वैरी असतं म्हणून नव्हे, कायद्याने दिलेला क्रमच तसा आहे म्हणून.

चौथी गोष्ट तत्त्वाची. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल उभं राहिलं, तेव्हा पैसा सरकारचा पण कुणाला द्यायचा हा निर्णय सरकारबाहेरच्या मंडळाचा, अशी रचना झाली. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या अकादम्या स्वायत्त म्हणून स्थापन झाल्या, पण त्या चालतात केंद्राच्या पैशावर. पैसा आणि निर्णय यांच्यात किती अंतर असावं, हा या विषयातला सर्वांत जुना वाद आहे आणि जवळपास प्रत्येक परीक्षेत तो कुठल्या ना कुठल्या रूपात येतो.

प्रवेशाआधीचे तीन महिने: एक जागा धरा

अर्ज भरण्याच्या घाईत बहुतेक जण हे पाऊल गाळतात आणि नेमकं तिथेच मार खातात. विषयाची तयारी पुस्तकाने सुरू करू नका, एका जागेने करा. समजा, कालिदास कलामंदिर धरलं.

पहिल्या महिन्यात महापालिकेचं अंदाजपत्रक वाचा. पालिकेच्या संकेतस्थळावर नसेल तर लेखा विभागात विचारा. त्यात तीन रकाने महत्त्वाचे असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. नवखा माणूस फक्त तरतूद वाचतो. तरतूद म्हणजे नुसता इरादा, प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात खरी गोष्ट असते. नाट्यगृहाचं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं त्याच्या खर्चाचं खातं) शोधून सलग तीन वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवा. त्यातही महसुली खर्च आणि भांडवली खर्च वेगळे ठेवा. कालिदासचं नूतनीकरण स्मार्ट सिटी योजनेतून झालं, तो भांडवली खर्च. रोजची झाडलोट, वीज, ध्वनियंत्रणेची दुरुस्ती आणि मंचावरच्या कामगारांचे पगार हा महसुली खर्च. देशभरातल्या सार्वजनिक नाट्यगृहांचं दुखणं याच फटीत आहे: इमारतीला एकरकमी निधी मिळतो, पण ती चालवण्याचा पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. नव्या खुर्च्या बसवल्याची बातमी होते. त्या खुर्च्यांचे निघालेले स्क्रू आवळायला लेखाशीर्षात पैसे नसतात.

दुसऱ्या महिन्यात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. प्रतींसाठी पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. सगळ्यात जास्त अर्ज फसतात ते ‘का’ विचारल्यामुळे. ‘भाडं का वाढवलं?’ असं लिहिलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल, कारण हा कायदा अभिलेखातला कागद देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘सन २०२२-२३ ते २०२४-२५ या आर्थिक वर्षांत महाकवी कालिदास कलामंदिराचे भाडेदर ठरवण्याबाबतच्या प्रस्तावाची टिपणी, त्यावरील ठराव आणि भाडेसवलत दिलेल्या कार्यक्रमांची वर्षनिहाय यादी यांच्या प्रती मिळाव्यात.’

टिपणीत, म्हणजे प्रस्तावामागची कारणं मांडणाऱ्या कागदात, ‘का’चं उत्तर बहुधा असतंच.

तिसऱ्या महिन्यात एका प्रयोगाचं गणित मांडा. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुम्ही खरे आकडे मिळवा. ६०० खुर्च्यांचं नाट्यगृह धरू. भाडं २०,०००, ध्वनी-प्रकाश ८,०००, नाटक कंपनीची रक्कम ९०,०००, जाहिरात २५,०००, प्रवास-चहापाणी १२,०००. एकूण १,५५,०००. तिकिटं ४००, ३०० आणि २०० रुपयांची, प्रत्येकी २०० खुर्च्या. हाउसफुल झाला तर १,८०,००० जमतात आणि २५,००० उरतात. पण ६५ टक्केच खुर्च्या भरल्या तर हाती येतात १,१७,००० आणि खड्डा पडतो ३८,००० चा. तोटा टाळायला ५१७ खुर्च्या भराव्या लागतील.

आता पालिकेने भाडं माफ केलं असं समजा. खर्च १,३५,००० वर येतो आणि ४५० खुर्च्यांत भागतं. इथे थांबून विचार करा. हे २०,००० रुपये पालिकेने दिलेलं अनुदानच आहे, पण ते अंदाजपत्रकात अनुदान म्हणून कुठेच दिसत नाही. ते नेमकं कुणाला मिळालं: नाटक कंपनीला, प्रयोग लावणाऱ्या ठेकेदाराला, की ४०० रुपयांचं तिकीट परवडणाऱ्या प्रेक्षकाला? पाथर्डी फाट्यावरच्या शाळेतल्या मुलांना त्यातलं काही पोचलं का? भाडेमाफी द्यावी की तेवढेच पैसे शालेय प्रयोगांना थेट द्यावेत? हा प्रश्न तुमच्या पदव्युत्तर अभ्यासाचा कणा होऊ शकतो. (तिकिटाची रक्कम प्रतिमाणशी ५०० रुपयांच्या आत असेल तर नाट्यप्रयोगावर जीएसटी लागत नाही. दर ठरवताना ही रेषा लक्षात ठेवा.)

याच गणिताच्या पोटात विषयातला एक मोठा सिद्धान्त आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की प्रयोगकलेचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत राहतो. सातारा असो वा सातपूर, कारखान्यातली यंत्रं सुधारली की एक कामगार तेवढ्याच वेळात दुप्पट माल काढतो आणि त्याचा पगार वाढतो. पण आठ पात्रांचं अडीच तासांचं नाटक आजही आठ जणांनी अडीच तासच करावं लागतं. बाहेरचे पगार वाढले की नटांची नाइटही (एका प्रयोगाचं मानधन) वाढवावी लागते, खुर्च्या मात्र तेवढ्याच राहतात. म्हणून तुटीतल्या प्रत्येक नाट्यगृहाला ‘व्यवस्थापन वाईट’ असा शिक्का मारता येत नाही. तुटीतला किती भाग कलेच्या स्वभावामुळे आणि किती ढिसाळपणामुळे, हे वेगळं काढता येणं ही या क्षेत्रातली खरी कसोटी.

कोणती वाट घ्यायची

भारतात ‘लोकप्रशासनात कलाव्यवस्थापन’ अशी तयार पाटी लावलेला वर्ग शोधत बसू नका. दोन तुकडे जोडून वाट बांधावी लागते.

नाशिकमध्ये राहून करायचं असेल तर इग्नूचं लोकप्रशासनातलं एमए हा पक्का पाया आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतो, अभ्यासक्रम किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतो, आणि त्यात विकेंद्रीकरण व स्थानिक शासनाचा अभ्यास आहे, जो आपल्याला सर्वांत कामाचा. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे सोबत संग्रहालयशास्त्राची किंवा कलासंबंधी पदविका करता येते. दूरशिक्षणाचा तोटा एकच, पण मोठा: कुणी विचारणारं नसतं. वर धरलेली जागा सोडली तर अभ्यास कोरडा होतो आणि स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात उरकले जातात.

वारसास्थळांकडे ओढा असेल तर अहमदाबाद विद्यापीठात वारसा व्यवस्थापन शिकवलं जातं, आणि नोएडाची भारतीय वारसा संस्था पुरातन वस्तू व संग्रहालयांच्या अंगाने शिकवते. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे असताना पायथ्याच्या परिसराचं नियोजन दुसऱ्या यंत्रणेकडे का, असे प्रश्न पडणाऱ्यांसाठी ही वाट.

परदेशात हा विषय सरळ सार्वजनिक धोरणाच्या विभागांतच बसवलेला आढळतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ओनील स्कूलमध्ये कलाप्रशासनाची पदव्युत्तर पदवी आहे, कार्नेगी मेलनच्या हाइन्झ कॉलेजमध्ये कलाव्यवस्थापनाची. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये कलाप्रशासन आणि सांस्कृतिक धोरण एकत्र शिकवतात. याखेरीज अनेक ठिकाणी साध्या एमपीएमध्ये (लोकप्रशासनातल्या पदव्युत्तर पदवीत) कलेचा उपविषय घेता येतो. तो घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: गेल्या दोन वर्षांत कलेचे किती वर्ग प्रत्यक्षात चालले? माहितीपत्रकात पाच वर्ग छापलेले असतात, चालतात दोनच, असं होऊ शकतं.

कागदपत्रं

इथली सर्वांत मोठी अडचण तीन वर्षांच्या बीएची. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच. एमए पूर्ण केलं असेल किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर अर्जाआधीच त्या विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या होकारावर शुल्क भरू नका. पुणे विद्यापीठाच्या नाशिकमधल्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडूनच मिळते, महाविद्यालयाच्या शिक्क्याची गुणपत्रकाची झेरॉक्स चालत नाही. शेवटच्या तारखेआधी निदान तीन महिने हे काम हाती घ्या.

अनुभवाची पत्रं आतापासून जमवा. नाट्यसंस्थांमध्ये सगळं तोंडी चालतं, त्यामुळे पाच वर्षं घाम गाळलेल्याच्या हातातही कागद नसतो. पत्रात कामाचं स्वरूप, पासून-पर्यंतच्या तारखा, आठवड्याचे तास आणि मानधनाची रक्कम हवी. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर व्यवस्थेचं काम केलं असेल, गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत महिनाभर रोजच्या कार्यक्रमाची आखणी सांभाळली असेल, तर ते कागदावर यायलाच हवं.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून घेऊ नका. ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं त्यांच्याकडून घ्या. पाहुण्या कलावंताने लिहिलेल्या ‘होतकरू, मेहनती’ या दोन शब्दांपेक्षा वाचनालयाच्या कार्यवाहांनी लिहिलेलं ‘यांनी तारखांच्या वाटपाची नोंदवही नव्याने आखली, त्यामुळे दुहेरी बुकिंग थांबलं’ हे वाक्य भारी पडतं.

उद्देशपत्राची (स्टेटमेंट ऑफ पर्पज) सुरुवात ‘लहानपणापासून मला कलेची आवड आहे’ अशी करू नका. निवड समिती हे वाक्य दिवसातून पन्नासदा वाचते. तुमच्या तीन महिन्यांच्या कामातून सुरुवात करा: ‘माझ्या शहरातल्या सार्वजनिक नाट्यगृहात भाडेमाफीची रक्कम अंदाजपत्रकात दिसत नाही. ती दिसू लागली तर ती कुणाला द्यायची हे ठरवता येईल. त्यासाठी मला सार्वजनिक वित्त आणि मूल्यमापन शिकायचं आहे.’ तीन वाक्यांत जागा, प्रश्न आणि अभ्यासक्रमाची गरज आली.

पैशाचं बघू

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत कला व संस्कृती व्यवस्थापन आणि लोकप्रशासन हे दोन्ही येतात, म्हणजे आपला विषय दोन्ही बाजूंनी बसतो. पदवीला किमान ५५ टक्के, चार वर्षांची पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता, आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ, सशुल्क कामाचा अनुभव लागतो. या शेवटच्या अटीवर रंगकर्मी अडकतात, कारण हौशी काम त्यात धरलं जात नाही. म्हणूनच वर मानधनाचं पत्र मागायला सांगितलं. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसाक्षेत्रातल्यांना मदत करतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान पाहिलं जातं, विभाग कितीही नावाजलेला असला तरी. प्रवेश आधी आणि शिष्यवृत्तीचे निकष नंतर, असा उलटा क्रम लावून वर्ष वाया घालवू नका.

वर्गात गेल्यावर

निवडीची संधी मिळाली की सार्वजनिक वित्त, ना-नफा संस्थांचं लेखांकन आणि कार्यक्रम मूल्यमापन हे तीन विषय आधी घ्या. सांस्कृतिक धोरणाचा वर्ग सगळ्यांना आवडतो, पण नोकरीत रोज उपयोगी पडतं ते लेखांकन. दिलेला निधी कसा वापरला हे दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र बनवता आलं पाहिजे. केंद्राच्या अनुदानासाठी ते जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावं लागतं. ते अडकलं की पुढचा हप्ता अडकतो आणि कलाकारांचं मानधन थकतं. किती चांगले उपक्रम दुसऱ्या वर्षी केवळ या एका कागदापायी बंद पडतात!

खासगी पैशाचं शास्त्रही शिका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीचं जतन हा मान्य विषय आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला ही दारं जवळ आहेत. पण संस्थेकडे आयकराची १२-अ आणि ८०-जी नोंदणी व सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) क्रमांक नसेल तर कंपनीची इच्छा असूनही चेक निघत नाही.

प्रबंधाचा विषय छोटा ठेवा. ‘महाराष्ट्राचं सांस्कृतिक धोरण’ हा विषय दोन वर्षांत कुणाच्याच हाती लागत नाही. ‘२०२७ च्या कुंभमेळ्यात गोदाकाठच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची परवानगी कोणकोणत्या टेबलांवरून जाते आणि किती दिवस लागतात’ हा विषय पुरा होतो. त्यात पोलीस, महापालिका, अग्निशमन, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम असं सगळं प्रशासन एका रेषेत दिसतं. प्रत्येक टेबलाची आवक-जावक तारीख मिळवा. सरासरी काढू नका, सर्वांत लांबलेली पाच प्रकरणं पूर्ण मांडा. कुठे अडकलं ते त्यातच कळतं.

प्रबंध संपला की त्याची दोन पानांची मराठी टिपणी करा आणि संबंधित विभागाच्या आवक खिडकीवर देऊन पोच घ्या. पहिल्या ओळीत विषय, दुसऱ्या ओळीत कोणता निर्णय अपेक्षित आहे, मग तीन आकडे आणि त्यांचे आधार. दोनशे पानांचा बांधीव प्रबंध कपाटात जातो. दोन पानांच्या टिपणीला आवक क्रमांक मिळतो, आणि महिन्याभराने तोच क्रमांक सांगून विचारता येतं की ती कोणत्या टेबलावर आहे.